चोपन्न इंच

सिनेमाच्या लेन्सची पेटी आज बऱ्याच दिवसांनी उघडली, तर आत बाबांची शिंपीकामाची पिवळी टेप निघाली, खडूचा वास अजून तसाच. ती जुनी लेन्स मी हट्टाने घेतली होती. आम्हा हौशी फोटोग्राफरांना तिचं भारी वेड, कारण तिच्यातून मागचे दिवे लांबट, पाण्यात पसरल्यासारखे दिसतात. फक्त तिला ऑटोफोकस नाही. अंतर मोजून लेन्सवरचं फोकसचं कडं हाताने फिरवावं लागतं. करंजाड्याच्या आमच्या बाल्कनीत एका संध्याकाळी मी बाबांना वेताच्या खुर्चीत बसवलं. पनवेलचं दुकान बंद केल्यापासून ते फारसे बोलत नसत, पण अंतर मोजायचंय म्हटल्यावर स्वतःच आतून टेप घेऊन आले. एक टोक कॅमेऱ्यापाशी माझ्या हातात दिलं, दुसरं आपल्या डोळ्याजवळ धरलं. "चोपन्न इंच. शिलाईला मार्जिन ठेवू का?" म्हणाले आणि हसले. मग आपणहून आईसाठी शिवलेल्या पहिल्या ब्लाउजची गोष्ट सांगायला लागले. मी कड्यावर पेन्सिलने खूण करत होतो. "बाबा, थांबा ना जरा, समोरच्या बिल्डिंगचे दिवे लागू देत." ते थांबले. दिवे लागले, मी रेकॉर्डिंग सुरू केलं आणि म्हटलं, "हं, सांगा." "राहू दे रे," ते म्हणाले, "आता नाही आठवत." पंधरा दिवसांनी ते गेले. माझ्याकडे दीड मिनिटाचा व्हिडिओ आहे, त्यात सुरेख दिवे आहेत आणि गप्प बसलेले बाबा. मघाशी कॅमेरा बाल्कनीत त्याच जागी ठेवला, लेन्स लावून कडं त्या खुणेवर आणलं. रिकाम्या खुर्चीची वेताची पट्टी न् पट्टी लख्ख दिसली.