पहिल्या रांगेतले सभासद

नव्वदच्या दशकात बारामतीतल्या आमच्या सेवा क्लबाला नवे सभासद मिळवणे कधीच अवघड गेले नाही. अवघड होते ते दुसऱ्या सभेला त्यांचे दर्शन होणे. नव्या सभासदाचे स्वागत शाल, श्रीफळ आणि फेट्याने होई. फोटो निघे. मी पुण्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर असल्याने तो छापून आणण्याचे काम माझ्याकडे असे, किंबहुना मला सभासद करून घेण्यामागे तेवढेच कारण होते. फोटो छापून आला की आपले काम संपले, असा सभासदाचा समज होई. क्लबाचाही बहुधा तोच समज होता.

त्या वर्षी अध्यक्षपद दातांच्या एका डॉक्टरांकडे होते. थंडीत प्रांतपालांचा, म्हणजे या भागातल्या सगळ्या क्लबांच्या प्रमुखांचा, निरोप आला. ते भेटीला येणार होते आणि सभेत पुरेसे सभासद दिसले नाहीत, तर बारामतीचा क्लब इंदापूरच्या क्लबात विलीन होणार होता. क्लब नुसता बंद पडला असता तर डॉक्टरांनी ते सोसले असते. पण बारामती इंदापुरात विलीन करणारा अध्यक्ष म्हणून गावात वावरणे त्यांना शक्य नव्हते. त्यात इंदापूरच्या अध्यक्षांनी फोन केला.

"या की. खुर्च्या लई हायत आमच्याकडं."

डॉक्टरांनी त्या दिवशीचे उरलेले पेशंट उद्यावर ढकलले आणि सभेला न येणाऱ्या सभासदांच्या घरी जायला स्कूटर काढली. मागे मी बसलो. लग्नात रुसलेल्या पाहुण्यांची समजूत काढत मुलीच्या बापाने फिरावे, तसा तो दौरा होता.

पिंपळीच्या दूध संस्थेच्या चेअरमनांचे नाव मागच्या कार्यक्रमपत्रिकेत छापायचे राहून गेले होते.

"नाव राह्यलं म्हणून मी येत न्हाय, असं समजू नका," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "पण नाव राह्यलं हुतं."

पणदऱ्याच्या ऊस बागायतदारांना सगळे तात्या म्हणत. वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात त्यांना दुसऱ्या रांगेत बसवले गेले होते.

"तात्या, क्लबात सगळे सारखेच असतात," डॉक्टर म्हणाले.

"व्हय का? मग दुसऱ्या रांगंत तुमी बसा."

डॉक्टरांनी त्यांना पहिली रांग कबूल केली. हा उपाय लागू पडतो हे ध्यानात आल्यावर त्यांनी पुढच्या प्रत्येक घरी तीच कबूल केली.

शेवटचे घर जळोचीत, एका बँक अधिकाऱ्यांचे होते. कुटुंब बौद्ध. एप्रिलमधल्या जयंतीला क्लब त्यांना न चुकता भाषणाला बोलावी. डॉक्टरांनी पहिली रांग आणि पत्रिकेत नाव, दोन्ही एकदमच देऊ केले. अधिकारी हसले.

"डॉक्टर, मी रुसलेलो नाही. तुम्ही बोलावता, मी बोलतो, हार घेऊन घरी येतो. एप्रिल संपला की मी तुम्हाला दिसत नाही. अकरा महिने क्लब काय करतो, हे मला पेपरात वाचावं लागतं."

डॉक्टरांनी चहाचा कप खाली ठेवला. "मग काय देऊ तुम्हाला?"

"काम द्या."

अशी मागणी क्लबात आजवर कोणी केली नव्हती. डॉक्टर "बघतो" म्हणाले आणि आम्ही निघालो.

सभेच्या संध्याकाळी सगळे आले आणि सगळे पहिल्या रांगेत बसायला आले. शेवटी खुर्च्या एकाच रांगेत, तीन भिंतींना लावून मांडाव्या लागल्या. प्रांतपालांना मान फिरवून फिरवून भाषण करावे लागले.

"संख्या चांगली आहे," भाषण संपवून ते म्हणाले. "पण हे सगळे टिकणार कसे? पुढं काय काम ठरवलंय?"

डॉक्टरांनी सेक्रेटरींकडे पाहिले. सेक्रेटरींनी पंख्याकडे पाहिले. इंदापूर फार जवळ आल्यासारखे वाटले.

दाराजवळच्या खुर्चीतून बँक अधिकारी उठले. "ऊसतोड मजुरांच्या मुलांचे दात तपासायचेत. त्यांच्या पाचटाच्या कोप्यांवर जाऊन, या शनिवारी." ते तात्यांकडे वळले. "तात्या, टेबल-खुर्च्या न्यायला तुमचा ट्रॅक्टर मिळेल?"

"आता पावण्यांसमोर न्हाय कसं म्हणू?"

"चेअरमन, मुलांना दूध?"

"दिऊ की. पत्रिका काढणार हाय का?"

"नाही."

चेअरमनांनी प्रांतपालांकडे पाहिले. "बरं. दिऊ."

दातांचा डॉक्टर अध्यक्ष असलेल्या क्लबाला दातांचे शिबिर त्या दिवसापर्यंत सुचले नव्हते, हे प्रांतपालांच्या लक्षात आले असावे. निघताना ते एवढेच म्हणाले, "शिबिर झालं की कळवा. तोवर विलीनीकरणाचं मी काही लिहीत नाही."

शनिवारी कोप्यांपुढच्या रिकाम्या वावरात टेबल लागले. रांगेत या वेळी मुले होती. उजेड कमी पडू लागला तेव्हा तात्यांनी आपणहून बॅटरी धरली. एका पोराने डॉक्टरांचे बोट चावले.

"जरा दमानं, डॉक्टर," तात्या म्हणाले. "त्यो काय सभासद न्हाय, गप बसून ऐकून घ्यायला."

आवराआवर झाल्यावर तात्या ट्रॅक्टरवर न चढता बँक अधिकाऱ्यांपाशी आले.

"साहेब, पुढल्या शनवारी कुठं?"

"अजून ठरलं नाही."

"मग ठरवा लवकर. न्हाय तर मी ट्रॅक्टर दुसरीकडं लावीन." एवढे बोलूनही तात्या जागचे हलले नाहीत.