दोन बांधांमधलं बावखल

बावखलाचा गाळ ज्यानं कधी उपसला नाही, त्यानं मला घाणीबद्दल काही सांगू नये. वसईच्या आमच्या वाडीत केळी आणि पानवेली होत्या आणि मधोमध बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठवणारं मोठं तळं. त्याच्या तळाशी केळीची सडकी सोपटं, मेलेले बेडूक आणि केळींना घातलेल्या मासळीच्या खताचा वाहून आलेला चिखल बसलेला असे. वैशाखात पाणी आटत आलं की आम्ही सगळे त्यात गुडघ्यापर्यंत उतरायचो. तो वास आंघोळीनं जात नसे, जेवताना हाताला यायचा. पण ती घाण आमची होती, तिच्यावर केळी पोसत होत्या. किळस आली ती पुढे, माणसांची.

आजोबा गेल्यावर वाडी बाबा आणि काकांमध्ये वाटली गेली. बावखल मात्र सामाईक राहिलं, कारण पाणी वाटायचं नाही ही आमच्याकडची रीत. ज्यानं त्यानं आपल्या बाजूचा गाळ काढून केळीच्या बुंध्याशी घालायचा. बावखलातलं पाणी जमिनीत मुरायचं, म्हणून शेजारची आमची विहीर गोडी होती; नाहीतर खाडीचं खारं पाणी आत शिरायला टपलेलंच. त्या विहिरीवर आईची पानवेल जगत होती. आईनं ती माहेराहून आणलेल्या बेण्यापासून वाढवली होती आणि आई तिला आमच्याइतकंच जपायची.

एका वर्षी काकांनी गाळ केळींना न घालता आपल्या काठावर थापला. पावसात बावखल तुडुंब झालं की पाणी आमच्या बाजूला फुटावं, एवढाच हेतू. बाबा इरेस पेटले. त्यांनी आपला बांध त्याहून उंच केला. मग काकांनी माडाचे ओंडके ठोकून आपला बांध हातभर पुढे, पाण्यात आणला, बाबांनीही आणला. दर पावसाळ्यात दोन्हीकडची माती घसरून बावखलात यायची आणि दर उन्हाळ्यात हे दोघे तोच सडका चिखल पुन्हा वर चढवायचे. सख्खे भाऊ, पण एकमेकांशी बोलत नव्हते. समोरासमोर आले की थुंकायचे.

तेव्हा मी मुंबईला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होते. सरांनी फळ्यावर हिमालय काढला. दक्षिणेचा भूखंड उत्तरेच्या भूखंडाला भिडला आणि मधल्या समुद्रातला गाळ चेपून वर उचलला गेला. डोंगर उभा राहिला तशी त्याच्या पायथ्यापुढची जमीन खाली वाकली, लांबच लांब खळगा पडला. डोंगर झिजत राहतो आणि आपलीच माती त्या खळग्यात ओततो. गंगेचं मैदान म्हणजे असा भरत आलेला खळगा. डोंगर आणि खळगा एकाच रेट्यातून होतात, सर म्हणाले, एकाकडे बघून दुसऱ्याला विसरायचं नाही. बाकीचे भराभर उतरवून घेत होते. मला मात्र वर्गात बसल्या बसल्या शिसारी आली, कारण नाकात आमच्या बावखलाचा वास भरला होता.

सुट्टीत घरी आले तर बावखल निम्मं उरलेलं. दोन्ही बांधांच्या भारानं मधला मऊ गाळ फुगून पाण्याबाहेर आला होता आणि त्यावर माशा घोंगावत होत्या. मी बाबांना काठावर बसवलं, काडीनं चिखलात हिमालय काढला, सगळं समजावलं. म्हटलं, "तुम्ही दोघं डोंगर होऊन बसलात आणि मधलं पाणी मरतंय. बावखल बुजलं की विहीर खारी झालीच समजा."

बाबांनी मन लावून ऐकलं. मग विचारलं, "दोन डोंगरांत उंच कोनचा?"

मी कपाळावर हात मारला आणि काकांकडे गेले. त्यांनाही तेच सांगितलं. काका एकदम खुलले. "म्हंजे मी हिमालय. बरोबर हाय. तुझा बाप लय झाला तर हा आपला वसईचा तुंगार डोंगर!"

दोघांनाही खळगा ऐकूच आला नव्हता, नुसता डोंगर ऐकू आला होता. दुसऱ्या दिवसापासून दोघे दुप्पट जोमानं बांधाला लागले. इतकी किळस मला गुडघाभर गाळातही कधी आली नव्हती. आईनं मात्र मला एकच विचारलं, "पानी कधीपर्यंत राहील?"

पुढच्या पावसाळ्यात दोन्ही बांध एकदमच खचले आणि बावखल काठोकाठ बुजलं. दिवाळीनंतर आईनं विहिरीचं पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. पानं पिवळी पडली, मग वेली बुडापासून वाळल्या. आईनं त्या एक एक करून उपटल्या, त्यांची जुडी बांधली आणि बावखल होतं तिकडे निघाली. मी तिच्या मागे होते.

तिथे बाबा आणि काका कित्येक वर्षांनी जवळ जवळ उभे होते, बोलत होते. क्षणभर मला वाटलं, लाज वाटली असेल. मग दोघांच्या हातातली दोरी दिसली. ते बुजलेल्या बावखलाची नवी जमीन मोजत होते.

आईनं जुडी दोघांच्या मधे टाकली. "ही पन घ्या वाटून," ती म्हणाली.

बाबांनी पायानं जुडी बाजूला सारली आणि दोरी ताणून धरली.