धोंडे, जावई आणि न संपणारा सीझन

क्रिकेटमधलं मला काहीही कळत नाही, तरी एक टीम फायनलपर्यंत पोचली ती माझ्यामुळे. हे मी म्हणत नाही, माझे सासरे म्हणतात. मी परभणीला राहतो, शाळेत भूगोल शिकवतो आणि लेग बाय म्हणजे काय हे मला आजही कोणी विचारू नये. टीमचं नाव सांगत नाही. (दुसऱ्या टीमची माणसंही माझ्या ओळखीची आहेत आणि त्यांच्या घरी मला चहा मिळतो.)

त्या वर्षी अधिक महिना भर उन्हाळ्यात आला होता. अधिक महिना म्हणजे आमच्याकडे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा जावयाला सासरी बोलावतात, पाटावर बसवतात, ओवाळतात, नवे कपडे करतात आणि कणकेच्या गोळ्यात पुरण भरून उकडलेले धोंडे तुपात बुडवून वाढतात. एरवी ज्याला 'गाडी जरा बाजूला लावा' म्हणून सांगतात, तो जावई त्या एका दिवसापुरता देव असतो. मला शाळेच्या सुट्ट्या होत्या. मी आणि बायको शोभा एसटीनं तिच्या माहेरी, पाथरीला गेलो. एका रात्रीचा मुक्काम करून परतायचं, म्हणून मी एकच पायजमा घेतला होता.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. मामांचं बी-बियाण्यांचं दुकान आहे, पुढं दुकान आणि मागं घर. माणूस लाखात एक, पण क्रिकेटची लीग सुरू झाली की कामातून गेला. कपाशीच्या बियाण्याला गिऱ्हाईक आलं तर मामा आतूनच सांगतात, "दोन ओव्हर थांबा." गिऱ्हाईकही थांबतं, कारण दुकानाच्या पायरीवरून टीव्ही दिसतो.

ऊन फार म्हणून धोंड्याचं जेवण संध्याकाळी ठेवलं होतं. टीव्हीवर मामांची टीम बुडायला आली होती आणि मामांचा चेहराही तिच्याबरोबर चालला होता. मी नवा कुर्ता घालून पाटावर बसलो. मामींनी ओवाळलं, धोंडा वाढला, वर तुपाची वाटी उपडी केली. मी पहिला घास घेतला आणि तिकडे सिक्सर बसला. दुसरा घास घेतला, दुसरा सिक्सर. मामांनी टीव्हीवरून नजर काढली आणि माझ्याकडे अशी टाकली, की लग्नाआधी मुलगा पसंत करतानासुद्धा त्यांनी मला इतकं नीट पाहिलं नव्हतं.

"जावईबापू, हलू नका."

"मामा, पायाला मुंग्या आल्यात."

"येऊ द्या. तुमी खा."

मी खात राहिलो आणि टीम जिंकली. मामांनी मला मिठी मारली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या माणसानं मला हात लावला तो फक्त नारळ देताना.

सकाळी आम्ही निघायला लागलो तर मामा दारात उभे. "परवा मॅच हाय. ऱ्हावा."

"आवो बाबा, ह्यांना कामं असतेत," शोभा म्हणाली.

"काय कामं? सुट्टीत भूगोल कुठं पळून चाललाय?"

राहिलो. परवा पुन्हा तोच पाट, तोच कुर्ता, तसेच धोंडे, आणि टीम पुन्हा जिंकली. मग मामांनी नियम काढले. जिंकलेला कुर्ता धुवायचा नाही. पाटाची दिशा बदलायची नाही. घास डाव्या गालात ठेवायचा. एका मॅचला टीम हरली, तेव्हा मामांनी चौकशी बसवली आणि मामींनी पुरणात जायफळ जास्त घातलं होतं असं निष्पन्न झालं.

खोटं कशाला बोलू, मला हे आवडायला लागलं. शाळेत मी बोलायला लागलो की पोरं खिडकीबाहेर बघतात. घरी शोभा माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच "बरं" म्हणते. आणि इथं मी घास उशिरा घेतला तर अकरा धडधाकट जवान अडचणीत येत होते. गल्लीतली माणसं मला बघायला यायची. "ह्येच का ते?" असं हळू आवाजात विचारायची. मी मान जरा उंच ठेवून चावायचो.

या सगळ्यात एका माणसाकडं कोणाचं लक्ष नव्हतं, ते म्हणजे मामी. मे महिन्याच्या उन्हात, पत्र्याच्या स्वयंपाकघरात, प्रत्येक मॅचला डाळ शिजवायची, पुरण घोटायचं, कणीक तिंबायची आणि वाफेवर धोंडे लावायचे. एका दुपारी त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"जावईबापू, एक काम होतं. मला अधिकात पोखर्णीला जायचंय, नरसिंहाच्या दर्शनाला. मागच्या अधिकात सासूबाई अंथरुणाला होत्या. त्याच्या आधीच्या अधिकात दुकानाचं बांधकाम चालू होतं. औंदा तरी घडावं वाटायलंय. तुमचं ऐकतेत ते. बोला की जरा."

"मामी, तुम्ही काळजीच सोडा," मी म्हणालो.

आणि बोललोही. मामा म्हणाले, "जाऊ की. सीझन संपला की लगेच." मला ते एकदम रास्त वाटलं. सीझन म्हणजे काय, आज ना उद्या संपणारच. मी मामींना तसं कळवलं. त्या उठून डाळ भिजत घालायला गेल्या. शोभानं मात्र ऐकलं होतं. "तुमाला वकील म्हणून पाठवलं तर तुमी तिकडचेच होऊन आलात," ती म्हणाली. दोन दिवस तिनं माझ्याशी फक्त गरजेपुरतं वैर ठेवलं.

पण तो सीझन संपेना. आधी म्हणे प्रत्येकानं प्रत्येकाशी खेळायचं, मग काही जणांनी काही जणांशी पुन्हा खेळायचं. ते संपलं तर वरच्या टीमनी आपसात खेळायचं. त्यात मामांची टीम हरली. मामींनी पिशवी काढली. मी पायजम्याची घडी घातली. तर मामा म्हणाले, "थांबा. हरलो तरी अजून एक चान्स हाय."

"हरल्यावर?" मी विचारलं.

"नियमच हाय तसा."

आमच्या शाळेत नापास झालेल्या पोराला इतकी माया मिळत नाही. मामींनी पिशवी परत खुंटीला लावली आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"सीताफळालाबी सीझन असतो. महिना-दीड महिना फळं येतेत, मग झाड आराम करतंय. ह्या खेळाला झाडाइतकीबी अक्कल न्हाई का? ती पोरं बगा, एकाच्या गुडघ्याला पट्टी, एकाच्या खांद्याला पट्टी. कुणाची तरी लेकरं हाईत ती. किती पळवायचं माणसाला?"

"त्यांना पैसे भेटतेत," मामा म्हणाले.

"मला तर तेबी न्हाईत," मामी म्हणाल्या आणि आत गेल्या. मामा टीव्हीकडं बघत राहिले, पण टीव्ही त्या वेळी बंद होता.

शेवटी ठरलं. टीम तो चान्स मारून फायनलला गेली. फायनल अधिक महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी होती. म्हणजे फायनल झाली की सकाळी उठून सगळ्यांनी पोखर्णीला जायचं, शेवटच्या दिवशी का होईना दर्शन घडेल. मामींनी नवी साडी काढून ठेवली. नारळ घेतला, दिव्यासाठी तूप घेतलं.

आणि फायनलच्या गावात पाऊस पडला. पाथरीत धुरळा उडत होता, पण तिकडं मैदानावर तळं झालं होतं. शेवटी जाहीर झालं, की फायनल उद्या.

मी पाटावरच होतो, तोंडात घास होता आणि तो गिळावा की ठेवावा हे मला कळेना. मामा हळूच म्हणाले, "आता उद्याचा एकच दिवस. देव कुठं जातोय?"

मामी रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमची फायनल पुढच्या वर्षी पुन्ना येती. माझा महिना तीन वर्षांनी येतो. तवर माझे गुडघे ऱ्हातील का न्हाई, मला ठाव न्हाई. मी उद्या जायलेय. शोभा, तू येतीस?"

"मी कवाच तयार हाय," शोभा म्हणाली.

मला मामींकडं बघवेना. वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण तोंड पुरणानं भरलेलं असताना वाईट वाटल्याचं दाखवता येत नाही.

सकाळच्या एसटीनं दोघी गेल्या. परभणीला उतरून पुढं पोखर्णीला, आणि मुक्काम आमच्या परभणीच्या घरी. मामा त्यांना स्टँडपर्यंत सोडून आले. पिशवी त्यांनी स्वतः उचलली होती. परत आल्यावर खुर्चीत बसले आणि एकदम ताठ झाले. "जावईबापू, धोंडं कोण करणार?"

जाताना मामी एवढंच सांगून गेल्या होत्या, "हरभऱ्याची डाळ खालच्या डब्यात हाय."

आम्ही दोघं स्वयंपाकघरात शिरलो. मामा त्या घराचे मालक, पण काडेपेटी कुठं असते हे त्यांना मला विचारावं लागलं आणि मला तर ते सांगताच येईना.

"पाणी किती घालती ती?"

"मला काय माहीत? मी पाटावर असतो."

डाळ शिजली, अगदी विरघळून गेली. पाणी निथळायचं असतं हे गूळ घातल्यावर आठवलं. पुरण तयार झालं ते पळीवाढं. मामांनी ते कणकेच्या पारीत ओतलं, पारीतून ते माझ्या हातावर आलं आणि हातावरून कोपरापर्यंत गेलं. मामा म्हणाले पीठ घालू, मी म्हणालो घालू, आणि पिठाचा डबा म्हणून आम्ही घातला तो तांदळाचा रवा होता. कसेबसे गोळे वळून चाळणीत ठेवले. वाफ लागताच सगळ्या गोळ्यांनी तोंडं उघडली आणि पुरण खालच्या उकळत्या पाण्यात गेलं. वर रिकामी कणीक आणि खाली गोड पिवळं पाणी.

मामांनी पातेल्यात पळी फिरवून पाहिली. मग म्हणाले, "वरचं आन् खालचं एकत्र केलं की धोंडाच हाय तो."

मॅच सुरू झाली. मी न धुतलेला कुर्ता घालून पाटावर बसलो. ओवाळायला घरात कोणी बाई नव्हती, म्हणून मामांनीच निरांजन घेतलं. सासरा जावयाला ओवाळतोय, हे दृश्य आमच्या दोन्ही घराण्यांत आधी घडलं नसावं. मामांचा हात माझ्याभोवती फिरत होता आणि डोळे टीव्हीवर होते. तेवढ्यात तिकडं चेंडू हवेत उडाला, मामांचा हात थांबला, आणि माझी बाही पेटली.

"मामा, जळायलंय!"

"थांबा, कॅच हाय!"

कॅच घेतल्याची खात्री झाल्यावर त्यांनी तांब्यातलं पाणी माझ्या अंगावर ओतलं. नेमका तेव्हाच शोभाच्या मोबाइलवरून मामींचा फोन आला. मागं देवळातल्या आरतीच्या घंटा वाजत होत्या.

"दर्शन झालं बगा. लय शांत वाटायलंय," मामी म्हणाल्या. "तुमी जेवलात का?"

मामांनी उत्तर दिलं नाही, कारण घंटेबरोबर दुसरी विकेट गेली होती. मग त्यांनी फोन कानाला घट्ट धरला आणि म्हणाले, "तितंच थांब. बिलकुल हलू नको. देवाला सांग, आरती सावकाश चालू दे." मी ओल्या, जळक्या कुर्त्यात तो पिवळा काला शेवटच्या चेंडूपर्यंत चमच्यानं खात राहिलो आणि टीम फायनल जिंकली.

मग मामांनी सीझनभराचा निष्कर्ष सांगितला. "इतके दिवस आपलं चुकत होतं. ती देवाला पायजे आन् तुमी चुलीला पायजेत."

मला वाटलं होतं, आता वर्षभर तरी सुटका. पण चार दिवसांत तीच पोरं, त्याच पट्ट्या बांधून, देशाकडून परदेशात खेळायला लागली. तिकडून आली की दुसरी स्पर्धा, तिच्यामागं तिसरी. अधिक महिना संपला, पण मामांचा नियम चालूच राहिला. मॅच असली की मामा स्वतः एसटीची तिकिटं काढून मामींना आणि शोभाला देवाला पाठवतात. गंगाखेड झालं, औंढा झालं, परळी झाली. मी शनिवारी शाळा सुटली की पाथरीला जातो, जळकी बाही वर दुमडतो आणि डाळ निवडायला बसतो.

परवा मामींचा तुळजापूरहून फोन आला. आवाज दहा वर्षांनी तरुण झाला होता. "पुरण जमायलंय का, जावईबापू?"

"जमतंय मामी," मी घाम पुसत म्हणालो. "पण हे सीझन फार लांबवलेत हो. पोरांचे किती हाल होतात. याच्यावर काहीतरी कायदा पाहिजे."

"असू द्या की," मामी म्हणाल्या. "खेळू द्या पोरांना. माझं अजून कोल्हापूर ऱ्हायलंय."

पुढं काही बोलायचं होतं, पण फोन ठेवावा लागला. पुरण खाली लागत होतं.