वहिनींच्या दाराचं कुलूप

कुलूपवाल्याला त्या गल्लीत सगळे 'खात्री' म्हणत. खऱ्या नावानं हाक मारली तर ओ देण्याआधी तो विचारी, "कोणी पाठवलं?" दुकान बंद केलं की कुलूप ओढून बघे, चार पावलं जाई आणि परत येऊन पुन्हा ओढून बघे. बायको म्हणायची, "कुलूप तुमचं, चावी तुमची. मग शंका कोणाची घेता?" तो म्हणे, "माझीच. ते कसं उघडायचं, हे मला माहितेय ना!"

अशा माणसाला एकच जिवलग मित्र होता. भिंतीला भिंत लागून वर्कशॉप असलेला सुतार. त्याचा स्वभाव अगदी उलटा. दार सताड उघडं टाकून तो जेवायला जायचा. कोणी पटाशी मागितली की द्यायचा आणि कोणाला दिली ते विसरून जायचा. मग खात्री ती हुडकून आणायचा आणि वर त्याला दोन शब्द सुनावायचा. सुतार नुसता हसायचा. "जगात चोर आहेत म्हणून तुझी चूल पेटते. कशाला शिव्या देतोस बिचाऱ्यांना?"

एका दुपारी खात्री एका कपाटाच्या कुलपात डोकं घालून बसला होता. अचानक त्यानं कान टवकारले. पलीकडं फळ्या तासायचं रंध्याचं यंत्र चालू होतं, पण त्याखाली लाकूड नव्हतं. लाकूड असताना यंत्र भांडल्यासारखं ओरडतं, नसताना नुसतं घुमत राहतं. ते घुमणं थांबेना, तसा खात्री हातातलं टाकून पळाला. सुतार सालपटांच्या ढिगात कुशीवर पडला होता, झोपल्यासारखा. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"हृदय बंद पडलं," डॉक्टर म्हणाले.

"असं कसं बंद पडेल? काल जिना पळत चढला माझ्यासमोर." खात्रीनं डॉक्टरांकडं असं पाहिलं, की जणू त्यांनीच काहीतरी लपवलंय. डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तोही त्यानं झटकला.

मागं सुताराची बायको, खात्रीच्या वहिनी, राहिल्या आणि कॉलेजात जाणारी मुलगी. वर्कशॉपमध्ये एका शाळेची बाकं अर्धवट होती. सुट्टी संपायच्या आत ती गेली नाहीत तर शाळा काम दुसरीकडं देणार, हे उघड होतं. आठवडाभरानं वहिनी वर्कशॉपच्या दारात उभ्या राहून बाकांकडं नुसत्या बघत होत्या, ते खात्रीनं पाहिलं. त्यानं दुकानाला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि माणसं जमवायला निघाला.

रंगारी लगेच हो म्हणाला. खात्रीला वाटलं, हा एवढ्या चटकन कसा तयार झाला? चहावाली मावशी म्हणाली, "काम चालेल तोवर चहा माझा." खात्रीच्या मनात पाल चुकचुकली. ही बाई उकळत्या पाण्याचा सुद्धा हिशेब मागणारी, हिला कसला पुळका आला? तरी त्यानं रंगाऱ्याला आणि गल्लीतल्या आणखी दोघांना कामाला लावलं. एकजण कापलेल्या फळ्या घासायला, एकजण खिळे सरळ करायला. संध्याकाळी सगळे गेले की तो पटाश्या आणि करवती जागच्या जागी आहेत ना, ते बघे.

कौतुकाची गोष्ट ही, की काहीच चोरीला जात नव्हतं. आणि अडचणीची गोष्ट ही, की बाकं डुगडुगत होती. चौघांत मिळून एकाला धड सांधा जमत नव्हता.

मग एका सकाळी एक अनोळखी माणूस आला. ताडमाड उंच, खांद्यावर हत्यारांची पिशवी. दारातून वाकून आत शिरला आणि कोणाला न विचारता एक बाक उलटं करून बघू लागला.

"आपण कोण?" खात्रीनं विचारलं.

"मिस्त्री. तुमच्या सुताराच्या ओळखीतला."

"कुठली ओळख?"

"जुनी," तो म्हणाला आणि कामाला लागला.

दुपारपर्यंत त्यानं तीन बाकांचे सांधे खोलून पुन्हा बसवले. रंगारी त्यातल्या एकावर उभा राहून नाचला, तरी बाक हललं नाही. सगळे खूश झाले. त्याला 'लंबू' म्हणू लागले, मावशी त्याचा कप काठोकाठ भरू लागली. खात्री मात्र जास्तच अस्वस्थ झाला. एवढा चांगला कारागीर, याला स्वतःचं काम नाही? वीस वर्षांत सुताराच्या तोंडून याचा उल्लेख कसा आला नाही? लंबू कमी बोलायचा, हेही त्याला खटकायचं. आणि मग एके दिवशी त्यानं लंबूला वर्कशॉपच्या भिंती टेपनं मोजताना पाहिलं. लंबूनं कोपऱ्यात खडूनं रेघ मारली, यंत्राला हात लावून पाहिला, वर छपराकडं नजर टाकली.

"काय मोजताय?"

"जागा," लंबू म्हणाला. चेहऱ्यावरची माशीही हलली नाही.

खात्री रंगाऱ्याकडं गेला. "हा माणूस जागा गिळायला आलाय. आज बाकं करतोय, उद्या पाय पसरील."

"अरे, तुला सावलीचा सुद्धा संशय येतो. काम तर करतोय ना?"

"साधा माणूस एवढं काम करतो का, फुकट?"

"मग तू का करतोयस?"

खात्री आणखी चिडून निघून गेला. त्या संध्याकाळी त्याला लंबू वहिनींच्या घरातून बाहेर पडताना दिसला. दारात वहिनी हलक्या आवाजात काहीतरी सांगत होत्या, लंबू मान डोलवत होता. खात्रीनं मनाशी ठरवलं. भोळी बाई, दुःखात आहे. कोणीही येऊन मधाचं बोट लावील आणि कागदावर अंगठा घेईल. तो तडक वर्कशॉपकडं गेला, सुताराचं जुनं कुलूप काढलं आणि आपल्या दुकानातलं सर्वांत भारी कुलूप दाराला अडकवलं. चावी खिशात टाकली. घरी जाऊन शांत झोपला.

सकाळी तो गल्लीत पोचला तेव्हा वर्कशॉपपुढं घोळका जमला होता. मधोमध वहिनी उभ्या होत्या, हातात जुनी चावी. मुलगी कुलूप हलवून बघत होती. लंबू पिशवी खाली ठेवून बाजूला उभा होता.

"काका, कोणीतरी कुलूप बदललंय," मुलगी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

"मी बदललं."

वहिनींनी त्याच्याकडं पाहिलं. "भावजी, माझ्या दाराचं कुलूप तुम्ही बदललंत? मला न विचारता?"

"तुमच्याच भल्यासाठी, वहिनी. हा माणूस..."

"थांब जरा," रंगारी मध्येच म्हणाला. "खात्री, राग मानू नकोस, पण भिंत तुझ्या दुकानाला लागून आहे. जागा पुरत नाही असं तूच म्हणायचास. चावी आता तुझ्या खिशात आहे. आता सांग, आम्ही काय समजायचं?"

मावशीनं मान फिरवली. खात्रीनं एकेका तोंडाकडं पाहिलं. ज्या नजरेनं तो जन्मभर लोकांकडं पाहत आला, ती नजर त्याला पहिल्यांदा समोरून दिसली. त्यानं चावी काढली, पण ती द्यावी कशी हेच त्याला कळेना. शेवटी वहिनींनीच त्याच्या हातातून घेतली आणि दार उघडलं.

"आत या," त्या म्हणाल्या. "तुम्हीही या, मिस्त्री."

आत बाकावर बसून त्या सरळ बोलल्या. "मिस्त्रींना कामाला अर्धी जागा हवीय. पहिल्याच दिवशी घरी येऊन त्यांनी सांगितलं. लहानपणी आमचे हे आणि मिस्त्री एका उस्तादाच्या हाताखाली शिकले. मी म्हटलं, आधी बाकं करून दाखवा, मग बघू. भिंती मोजायला टेप मीच दिली."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत का? सगळ्यांवर पाळत ठेवलीत, पण माझ्याशी एकदा तरी येऊन बोललात? भावजी, तुम्ही माणसं जमवलीत, ते मी विसरणार नाही. पण बाकं गेली की सगळे आपापल्या कामाला जाणार, जायलाच हवं. मग माझ्याकडं काय उरेल? बंद यंत्रं. मिस्त्री इथं काम करतील, पोरीला शिकवतील. तिला शिकायचंय."

मुलीनं होकारार्थी मान हलवली. लंबू घसा खाकरून म्हणाला, "मी जास्त बोललो नाही, चुकलंच माझं. मला वाटलं, मेलेल्या माणसाच्या जागेविषयी चारचौघांत काय बोलायचं?"

खात्री उठला, स्वतःचं भारी कुलूप काढलं आणि जुनं परत बसवलं. मग कोपऱ्यात जाऊन पॉलिशपेपर घेतला आणि दिवसभर फळ्या घासत राहिला. मावशीनं चहा आणला. त्याच्यापुढं कप जरा आपटूनच ठेवला, पण ठेवला.

बाकं वेळेत गेली. टेम्पो निघून गेला, बाकीचे पांगले. रिकाम्या वर्कशॉपमध्ये वहिनी आणि खात्री दोघेच उरले. वहिनी म्हणाल्या, "भावजी, एक विचारू? त्या दिवशी यांच्या अंगावरचा शर्ट उलटा होता. दवाखान्यात मी पाहिला. शिवण बाहेर. सकाळी घरून निघाले तेव्हा कसा होता, ते मला काही केल्या आठवेना. शर्ट काढला असेल तर कुठं, कशासाठी? मनात नाही नाही ते आलं. कोणाला विचारणार?"

खात्रीला वाटलं, एवढे दिवस ही बाई हे उराशी घेऊन सगळं करत होती.

"घरूनच उलटा घालून आला होता," तो म्हणाला. "मी म्हटलं, अरे, लाज आहे की नाही, सुलटा कर. ऐकेना. म्हणाला, राहू दे, भुसा शिवणीच्या बाजूला बसेल, उद्या सुलटा केला की वरून कोरा शर्ट. त्यावरनं आम्ही भांडलोसुद्धा. आमचं शेवटचं बोलणं तेच झालं."

वहिनींच्या तोंडून हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच त्यांना रडू कोसळलं. इतक्या दिवसांत त्या पहिल्यांदाच रडल्या. खात्रीनं मान दुसरीकडं वळवली. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.