आम्रपालीबाईंचे अकरा तारे

आम्रपालीबाई सतरा वर्षं पुण्यातल्या एका खगोलसंस्थेत कंत्राटी तंत्रज्ञ होत्या. बिबवेवाडीहून दोन बस बदलून यायच्या. काम एकच, अकरा पल्सारचे ठोके नोंदवायचे. पल्सार म्हणजे गरगर फिरणारे मेलेले तारे. त्यांचे रेडिओ ठोके इतके नेमाने येतात, की त्यांच्यावरून आपलं अणुघड्याळसुद्धा तपासता येतं.

एका मार्चमध्ये अकराच्या अकरा ताऱ्यांचे ठोके उशिरा आले. उशीर सगळ्यांचा सारखाच, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या तिप्पट. एखादा तारा बिघडला असता तर बाईंनी मानलं असतं. पण आकाशाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतले तारे ठरवून उशीर करत नाहीत. संस्थेचं घड्याळच पुढे गेलं होतं.

त्यांनी आलेख काढून विभागप्रमुख विश्वजीत सरांपुढे ठेवला. खोलीत तेव्हा चार पाहुणे बसले होते.

"आपलं शिक्षण काय, बाई?"

"डिप्लोमा, सर."

"मग घड्याळावरची धूळ पुसा. वेळेचं आम्ही बघतो."

पाहुणे हसले. बाईंनी जागेवर येऊन नोंदवहीत सगळं लिहिलं, खाली सही केली.

आठ महिन्यांनी परदेशातल्या सहकाऱ्यांनी तीच चूक दाखवली. छापून आलेले दोन शोधनिबंध मागे घ्यावे लागले. चौकशी बसली. नोंदवहीतलं ते पान फाडलेलं निघालं.

"वेळेत कळवलं का नाही?" समितीने बाईंना विचारलं.

बाईंनी पर्समधून त्या पानाची झेरॉक्स काढली. आता सुटले, असं त्यांना वाटत होतं.

विश्वजीत सर शांतपणे म्हणाले, "म्हणजे संस्थेची कागदपत्रं आपण घरी नेत होतात."

कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचलंच नाही. संध्याकाळी फाटकावर ओळखपत्र काढून घेतलं.

आता त्या वाघोलीच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांना वायरी मोजून देतात. गेल्या महिन्यात त्यांच्या जागी लागलेल्या नम्रताचा फोन आला.

"मॅडम, पल्सारवरून घड्याळ तपासायची सरांची पद्धत मला जमतच नाहीये. विचारलं की सर चिडतात."

सरांची पद्धत. त्या फाडलेल्या पानावरचीच. बाई पाऊण तास एकेक पायरी समजावत बसल्या.

"थँक यू मॅडम. आणि प्लीज, मी फोन केला होता हे कुणाला सांगू नका हं. तुमचं नाव काढलेलं इथे चालत नाही."

"नाही सांगत."

फोन ठेवल्यावर बाईंना राग आला तो स्वतःचाच. समजावताना त्यांना फार बरं वाटलं होतं.