ग्लासगोचं चालतं, गजभियेंचं नाही

समोरचा माणूस इंग्रजीत दोन वाक्यं बोलला की गजभियेभाऊ त्याची कुंडली मांडायचे. हा मलेशियाचा, पण शाळा इथली. ही केरळची, पण नोकरी दुबईत झालेली. आम्ही दोघं राहायला सेंगकांगला, ऑफिस पाया लेबारला, त्यामुळे एमआरटी, म्हणजे इथली मेट्रो, एकच. सेंगकांगला डब्यात शाळेची पोरं इथल्या इंग्रजीत 'कॅन लाह, कॅन लाह' करत चढायची. सेरांगूनला गाडी बदलली की ऑफिसवाल्यांचं इस्त्री केलेलं इंग्रजी सुरू. भाऊ म्हणायचे, "बारा कोसांवर भाषा बदलते म्हणते ना ताई? इथं चार स्टेशनं पुरते बाप्पा."

भास्कर गजभिये नागपूरचे, तिथल्या इंदोरा वस्तीतले. बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांची वीस वर्षं गेलेली. मी पुण्याची, वयाने आणि अनुभवानेही लहान, पण कागदोपत्री त्यांची टीम लीड. मला काही अडलं की मी त्यांच्या टेबलाशी जायची. ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "घाबरता काहून? प्रोग्राम माणसासारखा नसते. खोटं नाही बोलत."

आमचं गिऱ्हाईक लंडनचं. तिकडून कॉलवर दोघं असायचे. एक मोठा साहेब, लंडनचाच, आणि त्याच्या हाताखालचा एक ग्लासगोचा. त्या ग्लासगोवाल्याचं इंग्रजी आम्हा कोणाच्या बापाला कळत नसे. तो बोलला की आमचे मुंबईकर मॅनेजर 'राइट, राइट' म्हणत मान डोलवायचे आणि कॉल संपला की रेकॉर्डिंग लावून सगळी टीम कान देऊन बसायची. एक वाक्य तीनतीनदा ऐकायचो. पण "जरा पुन्हा सांगता का" असं त्याला म्हणायची एकाचीही छाती झाली नाही.

भाऊंना मात्र ते नेमाने ऐकावं लागायचं. दर दुसऱ्या वाक्याला तिकडून 'सॉरी?' येई. मग मॅनेजरांनी तोडगा काढला. भाऊंनी माइक बंद ठेवायचा, मुद्दे कागदावर लिहायचे, आणि ते मी वाचून दाखवायचे, कारण माझं इंग्रजी कॉन्व्हेंटचं. ज्ञान त्यांचं, तोंड माझं. साहेब मलाच थँक यू म्हणायचा आणि मी निर्लज्जासारखी 'माय प्लेझर' म्हणायची. ग्लासगोवाल्याचं कळलं नाही तर दोष आमच्या कानांचा, गजभियेंचं कळलं नाही तर दोष त्यांच्या जिभेचा. हा कुठला न्याय? पण मी तेव्हा हे बोलले नाही. आता लिहितेय, त्याला काय चाटायचंय.

भाऊ चिडत नसत, याचाही मला राग यायचा. एकदा कॉल चालू असताना त्यांनी मुद्द्यांच्या कागदावर खाली लिहिलं, 'लक्ष द्या, साहेब आला का ग्लासगोवाल्याचाही आवाज बदलते.' मी कान दिला. खरंच की! साहेब कॉलवर आल्याबरोबर त्याचं इंग्रजी आखडून लंडनचं झालं होतं, शब्द न् शब्द कळत होता. कॉल संपल्यावर भाऊ म्हणाले, "त्याचाही जीव जात असन बिचाऱ्याचा. आपल्याले वाटते आपलंच दुखून राह्यलं." मला त्या माणसाची कणभरही दया आली नव्हती. यांना आली.

त्या वर्षी भाऊंचा कामाचा पास, म्हणजे इथे राहून नोकरी करण्याचा परवाना, नव्याने व्हायचा होता. पास तर नोकरी, नोकरी तर घर. मुलगी रुचा सहावीत, वर्षाअखेरीला तिची मोठी परीक्षा, पुढची शाळा ठरवणारी. पासच्या अर्जाआधी कंपनीचा फॉर्म असतो आणि तो टीम लीडने भरायचा. मी सगळीकडे 'उत्तम' लिहिलं. शेवटी एक रकाना उरला, बोलण्यातली स्पष्टता. इथे माझी पुणेरी अक्कल पाजळली. सगळंच उत्तम लिहिलं तर लोक म्हणतील, मराठी मराठीला सांभाळून घेते. आपल्या माणसाचं चारचौघांत फार कौतुक करू नये, हे बाळकडू. एखादी बारीक खोट दाखवली की बाकीचं खरं वाटतं, असा हिशोब करून मी लिहिलं, 'सुधारणेला वाव आहे.' वाटलं, फार तर एखादा क्लास लावतील.

कंपनीने क्लास लावला नाही. 'गिऱ्हाइकाशी संवाद साधण्यात कमी' असा शेरा मारून पासचा अर्जच केला नाही. मी मॅनेजरांकडे धावले. ते शांतपणे म्हणाले, "अगं, तूच लिहिलंयस ना?" त्यांच्या टेबलावर माझाच फॉर्म होता. बरं, भाऊंना कॉलवर गप्प बसवलं कोणी? यांनीच! आणि वर संवाद नाही म्हणायचं! तळपायाची आग मस्तकात गेली, पण सही माझी होती.

महिन्याभरात घर आवरायचं होतं. रुचाची परीक्षा बुडाली. जायच्या आदल्या दिवशी भाऊंनी मला सेंगकांगच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्यापिण्याच्या गाळ्यांवर, कॉफीला बोलावलं. रुचा शेजारच्या टेबलावर मैत्रिणीशी तिच्या इथल्या इंग्रजीत भराभर बोलत होती आणि रडत होती. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला.

"फॉर्म दाखवला त्यांनी मले. तुमचं अक्षर ओळखलं," ते म्हणाले. "एकच विचारतो. चार वर्षं मी तुमच्याशी बोलून राह्यलो, मराठीत, इंग्रजीत. माझं इंग्रजी तुम्हाले कधी समजलं नाही, असं झालं का?"

"नाही भाऊ. एकदाही नाही."

"मंग तसंच लिहायचं होतं ना, ताई."

हे त्यांनी पुन्हा इंग्रजीत म्हटलं, सावकाश, त्यांच्याच नागपुरी इंग्रजीत, कॉलवर ज्याचा माइक बंद ठेवला होता त्या आवाजात. त्यातला एकही शब्द मला दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही.