उभं राहून ऐकलेलं पत्र

उज्जैनच्या देवास गेटला बसमधून उतरले, तर ओळखीचा टांगेवाला पुढे आला. "बाईजी, मास्टरसाब नहीं रहे. कल मिट्टी भी हो गई." म्हणजे दफनही उरकलं होतं. माझ्या हातातली पिशवी त्यानेच धरली. दीड महिना झाला. अजून कुणी 'मास्टरसाब' म्हटलं की मी मान वळवते...

याकोबमास्तर मूळचे नगरकडचे. मिशनच्या शाळेत शिकवायला उज्जैनला आले आणि इथलेच झाले. मी रामघाटावर यात्रेकरूंची हजामत करणाऱ्याची मुलगी. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी बी. ए. झाले ती त्यांच्यामुळे, आणि हे मी छाती पुढे काढून सांगते. त्यांचा मोतीबिंदू वाढला तेव्हा मी रोज संध्याकाळी त्यांची लेखनिक झाले. येशूच्या प्रेषितांनंतरच्या पिढीने ठिकठिकाणच्या ख्रिस्ती मंडळ्यांना लिहिलेली जुनी पत्रं ते मराठीत आणत होते. बायबल वरच्या फळीवर, पत्रांची वही खालच्या. फळ्यांची अदलाबदल त्यांना खपत नसे.

एकदा मी विचारलं, "इतकी चांगली पत्रं, मग शास्त्रात का नाहीत?" मध्य भारत मोडून नवा प्रांत होणार म्हणून गावभर सीमांचीच चर्चा होती. ते हसले. "सीमेबाहेर राहिलेलं गाव खोटं असतं का, कमळे? काही मंडळ्या ही पत्रं सभेत वाचतही. पुढे शास्त्राची यादी ठरली, तीत ही आली नाहीत. तुझ्या घाटाचंच बघ. पायऱ्या माणसांनी बांधल्या. त्यांच्यावरून पाण्यापर्यंत जायचं. पायरीला कुणी नदी म्हणत नाही."

"पण मास्तर, पायऱ्या नसल्या तर म्हाताऱ्यांनी उतरायचं कसं?"

"म्हणून तर तुला राबवतोय, बाईसाहेब!"

त्यांच्या पत्नीच्या वर्षश्राद्धाला — ते 'स्मरणदिन' म्हणत, मी आपली सवयीने श्राद्धच म्हणायचे — एक पत्र चर्चमध्ये वाचायची परवानगी मिळाली. त्या चर्चची रीत अशी की शास्त्रपाठ उभं राहून ऐकायचा, बाकी सगळं बसून. पत्र शेवटी, लोक बसल्यावर वाचायचं होतं. मी ते त्यांच्या बायबलच्या ठशाएवढ्या मोठ्या अक्षरांत उतरवलं. मास्तरांचे हात थरथरायचे, वही आणि बायबल दोन्ही सांभाळणं जमेना. मी शहाणपणा केला. त्या दिवसाचा शास्त्रपाठ संपतो तिथेच, त्यांना न सांगता, ते दोन कागद खळीने चिकटवले.

शास्त्रपाठ संपला. मास्तरांनी पान उलटलं आणि वाचत राहिले. लोक उभेच. अर्ध्या पानावर त्यांचा आवाज अडकला. मला वाटलं, पत्नीची आठवण आली... त्यांना स्वतःचंच वाक्य ओळखू आलं होतं. तरी शेवटपर्यंत वाचलं. सगळे 'आमेन' म्हणाले.

चर्चच्या पंचांनी त्यांना बोलावलं. "माणसाचं लिहिणं शास्त्रात घुसडलंत?" मास्तर एवढंच म्हणाले, "चूक माझी." वेदीवरचं वाचन त्यांच्याकडून गेलं. तीस वर्षांचं वाचन. मिशनच्या शाळेतली माझी नेमणूक त्याच पंचांच्या हातात होती. मी तोंड उघडलं नाही. घरी येऊन रडले, तर म्हणाले, "वाचता वाचता थांबलो असतो, तर कुणी चिकटवलं ते आधी विचारलं असतं. गप्प बस आता. नोकरीवर रुजू हो." मी रुजू झाले. त्यानंतर ते मागच्या बाकावर बसायचे... इतरांचं वाचन ऐकत, ओठ हलवत.

त्यांच्या पुतणीने परवा ते बायबल माझ्याकडे आणून दिलं. "काकांनी तुमचं नाव घेतलं होतं." माझे कागद त्यांनी उपटून टाकले असतील असं मी धरून चालले होते. ते तिथेच होते, कडा वापरून मऊ झालेल्या. पहिल्या कागदाच्या माथ्यावर पेन्सिलीने, थरथरत्या मोठ्या अक्षरांत, पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवलं होतं: 'इथे थांबून लोकांना बसायला सांगणे.'

पुढची वेळ त्यांना कुणी दिली नाही. मी माझ्या घरच्या फळीपाशी उभी राहून वाचत होते. तशीच खाली बसले.